ॲक्सोलॉटलच्या पिल्लांचे पाय आणि कल्ले कुरतडले जातायत? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

"काकू, पुन्हा पाय गेला." शेजारच्या इमारतीतल्या सातवीतल्या मुलाचा हा फोन मला एका महिन्यात तीनदा आला. दर वेळी वेगळं पिल्लू, दर वेळी वेगळा पाय. दुकानातून त्याला आधी बुरशीचं औषध मिळालं, मग जिवाणूंचं. टँकचं पाणी निळंशार झालं, पाय जायचे ते जातच राहिले. तो आजार नव्हताच. सहा पिल्लं एकाच टँकमध्ये होती, त्यातलं एक बाकीच्यांच्या दीडपट लांब होतं आणि त्याला पोटभर मिळत नव्हतं.

ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तुरे असलेला सॅलमँडर, बेडकासारखाच एक उभयचर. माझ्याकडे पुण्यात आतापर्यंत तीनदा त्याची अंडी उबली. पहिल्या खेपेला मीही औषधंच शोधत होते, आणि त्यात चांगली पिल्लं गमावली. नंतर स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या टँकमध्ये हीच तक्रार इतक्यांदा निस्तरली की तपासाचा क्रम आता ठरून गेला आहे. हे सगळं साधारण २ ते १० सेंटिमीटर लांबीच्या पिल्लांबद्दल आहे.

लक्षणं

रात्री धडधाकट असलेल्या पिल्लाचा सकाळी पंजा किंवा अर्धा पाय नसतो. पुढच्या पायाला ४ बोटं आणि मागच्याला ५ असतात, तेव्हा नीट मोजा. एखादं बोट गेलेलं पटकन लक्षात येत नाही. दोन बाजूंच्या कल्ल्यांची लांबी सारखी नसते, एका बाजूचे तुरे मुळाशीच तुटल्यासारखे दिसतात. शेपटीच्या पातळ कडेला अर्धचंद्राएवढा तुकडा गेलेला असतो. कधी पिल्लांची संख्याच भरत नाही, काल अकरा होती, आज दहा, आणि एकाचं पोट तट्ट फुगलेलं. एक-दोन दिवसांनी जखमेवर कापसासारखा पांढरा थर धरलेला दिसतो.

या सगळ्यातून एक खूण लक्षात ठेवा: चाव्याचं नुकसान असमान असतं. एकाचा डावा पाय, दुसऱ्याचे उजवे कल्ले, तिसरं अगदी ठणठणीत. शिवाय चावा बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं खातं. याउलट सगळ्याच पिल्लांचे कल्ले दोन्ही बाजूंनी सारखेच आखडत असतील, बोटं लालसर दिसत असतील, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं असेल किंवा कल्ले सतत पुढे वाकलेले असतील, तर भांडण एकमेकांशी नाही, पाण्याशी आहे. तसं असेल तर खालच्या पाण्याच्या आणि तापमानाच्या तपासापासून सुरुवात करा.

तपास सुरू करण्याआधी जखमी पिल्लू बाजूला काढा. हाताने धरू नका, जाळीही नको. तिच्यात बोटं आणि कल्ले अडकतात. वाटी पाण्यात बुडवून पिल्लू पाण्यासकट उचला आणि स्वच्छ, त्याच तापमानाच्या पाण्याच्या डब्यात सोडा. चावलेल्या जागी पुन्हा चावा बसतो, कारण फाटकी कातडी पाण्यात हलत राहते आणि हलणारी गोष्ट म्हणजे खाणं, एवढंच त्यांना कळतं.

पहिला तपास: लांबी मोजा

खर्च शून्य. टँकच्या तळाशी किंवा काचेला पट्टी लावा, वरून मोबाइलने फोटो काढा आणि प्रत्येक पिल्लू नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजा. सगळ्यात मोठं पिल्लू सगळ्यात लहानाच्या दीडपट किंवा त्याहून मोठं असेल, तर बहुतेक वेळा तपास इथेच संपतो.

कारण सरळ आहे. ॲक्सोलॉटल चावून खात नाही. तोंड झटक्यात उघडतं आणि समोरचं पाणी वस्तूसकट आत ओढून घेतं. दात बारीक असतात, पकडण्यापुरते. समोर भावंडाचा पाय आला तर तो आत ओढला जातो. मोठ्याच्या तोंडात मावला तर तुटतो, न मावला तर सुटतो. म्हणून सारख्या लांबीच्या पिल्लांत झटापट झाली तरी नुकसान कमी. आणि जे पिल्लू एकदा भावंडाचा तुकडा किंवा अख्खं भावंडच गिळतं, ते आणखी झपाट्याने वाढतं. फरक आठवड्या-आठवड्याला रुंदावत जातो.

उपाय म्हणजे प्रतवारी. लहान, मधले, मोठे असे गट करा आणि दर आठवड्याला पुन्हा मोजा. एकदा लावलेली प्रतवारी महिनाभर चालेल असं धरू नका, त्या वयात ती दहा दिवससुद्धा टिकत नाही. एखादंच पिल्लू फार पुढे गेलं असेल तर त्याला एकटं ठेवा. त्याला शिक्षा म्हणून नव्हे, बाकीच्यांना वाढायला वाव मिळावा म्हणून.

दुसरा तपास: टँकमध्ये आणखी कोण आहे

मासे असतील तर आजच काढा. गप्पी असो, गोल्डफिश असो, काच साफ करायला म्हणून दिलेला सकर असो. कल्ल्यांचे तुरे पाण्यात किड्यांसारखे हलतात आणि मासे त्यांना टोचा मारतात. सकर तर रात्री अंगावरचा बुळबुळीत थर चोखायला चिकटतो. फिल्टरचं पाणी ओढणारं तोंडही बघा. त्यावर स्पंज नसेल तर बारीक पाय आत खेचला जाऊ शकतो आणि आपण उगाच भावंडांवर आळ घेतो. पिल्लांच्या टँकला साधा एअर पंपवरचा स्पंज फिल्टरच बरा. त्याचा प्रवाह मंद असतो, हेही पिल्लांच्या सोयीचं.

तिसरा तपास: खाणं

माझ्या अनुभवात लांबीतल्या फरकानंतर सगळ्यात जास्त पाय इथे जातात, म्हणून याबद्दल सविस्तर.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम सव्वा सेंटिमीटरचं असतं. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात. त्यानंतर त्याला जिवंत, हलणारंच खाणं लागतं. पडलेला तुकडा त्याला अन्न वाटतच नाही. म्हणून ताजी उबवलेली आर्टेमिया किंवा डाफ्निया (दोन्ही कोळंबीच्या जातीचे, पाण्यातले अगदी बारीक जीव). आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवेचे बुडबुडे चालू ठेवून साधारण एक ते दीड दिवसात उबतात. बारीक कापडातून गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची, मगच टँकमध्ये सोडायची. गोड्या पाण्यात ती काही तासांत मरते आणि मेलेली पाणी नासवते, तेव्हा उरलेली ड्रॉपरने काढणं हा खाण्याचाच भाग समजा.

पुढचे पाय फुटतात तेव्हा पिल्लू साधारण २ सेंटिमीटरचं झालेलं असतं, आणि चावाचावी इथूनच सुरू होते. भूक प्रचंड, नजर कच्ची, आणि जे हलेल त्यावर झेप. या टप्प्यात दिवसातून दोनदा खाणं हवंच. ५ सेंटिमीटरच्या आसपास ती गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) आणि बारीक चिरलेलं गांडूळ घ्यायला लागतात. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी याच वळणावर चूक केली: जिवंत खाणं एकदम बंद, पेलेट्स (सुक्या खाण्याचे दाणे) सुरू. अर्धी पिल्लं पेलेट ओळखतच नाहीत, उपाशी राहतात आणि शेजाऱ्याचं हलणारं बोट ओळखतात. बदल आठवडा-दोन आठवडे घेऊन करा आणि प्रत्येक पिल्लाने खाल्लं का, ते डोळ्यांनी बघा. मघाच्या त्या मुलाच्या टँकमध्ये खाणं पुरेसं पडत होतं, पण ते सगळं एकाच कोपऱ्यात पडायचं आणि तीनच पिल्लं तिथे पोचायची.

खाणं कसं पडतं, हेही तितकंच महत्त्वाचं. ब्लडवर्मचा वास पाण्यात पसरला की सगळी पिल्लं एकदम उतावीळ होतात, डोकी हलवत समोर येईल त्याला तोंड मारतात. एका रात्री मी टँकसमोर बसून राहिले होते. जितके चावे मला दिसले ते खाणं टाकल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांतले होते. त्यानंतर मी गोठवलेला ब्लडवर्म आधी वेगळ्या वाटीत विरघळवते, ते लाल पाणी फेकून देते आणि किडे लांब ड्रॉपरने चार-पाच ठिकाणी, प्रत्येक पिल्लाच्या तोंडापुढे सोडते. वेळ लागतो, पण पाय वाचतात. फार उतावीळ पिल्लाला वाटीत वेगळं काढून भरवावं आणि पोट गोल दिसल्यावर परत सोडावं. पोट डोक्याच्या रुंदीइतकं दिसलं की पुरे.

दुकानातला जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडा, मात्र नको. तो गटारासारख्या घाण पाण्यात वाढतो आणि रोग सोबत घेऊन येतो. गांडूळ हे त्यांचं सगळ्यात चांगलं खाणं, पण खत-औषधं मारलेल्या बागेतलं नको. गांडूळखत करणाऱ्यांकडून आणत असाल तर तिथली लाल गांडुळं बहुतेक पिल्लं थुंकून टाकतात, त्यांना त्यांचा कडू रस आवडत नाही. तसं झालं तर पिल्लू आजारी आहे असं समजू नका.

चौथा तपास: जागा, आडोसा, उजेड

ॲक्सोलॉटल तळाशी राहणारा प्राणी आहे, म्हणून टँकची उंची नव्हे, तळाचं क्षेत्रफळ मोजा. दोन फूट बाय एक फूट तळाच्या टँकमध्ये ५ ते ७ सेंटिमीटरची चारपेक्षा जास्त पिल्लं मी ठेवत नाही. पीव्हीसी पाइपचे तुकडे (कडा घासून गुळगुळीत केलेले), जावा मॉस, फुटक्या कुंडीचा अर्धा भाग, काहीही चालतं, फक्त पिल्लांच्या संख्येपेक्षा एक-दोन आडोसे जास्त असावेत. नजरेआड असलेलं पिल्लू हलताना दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून त्यावर झेप पडत नाही. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात. वर झगझगीत दिवा असेल तर ती अस्वस्थ होऊन सतत फिरतात आणि एकमेकांवर आदळतात. टँकचा दिवा बंदच ठेवा.

तळाला खडे किंवा ग्रॅव्हल असेल तर काढून टाका. पाण्याबरोबर खडाही आत ओढला जातो आणि आतडं तुंबतं. पिल्लांना मोकळी काच सगळ्यात सुरक्षित.

गर्दी कमी करण्यासाठी पिल्लं कुणाला द्यायची असतील तर एक गोष्ट आधी. झोचिमिल्कोच्या कालव्यांत, म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या, या प्राण्याच्या आता उरलेल्या एकमेव नैसर्गिक घरात, १९९८ च्या मोजणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या मोजणीत ३६ उरले. हा प्राणी सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम लागू होतात: प्राणी बाळगल्याची, दुसऱ्याला दिल्याची आणि पिल्लं झाल्याचीही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. ती करा. आणि जास्तीची पिल्लं नदीत, तळ्यात कधीही सोडू नका, ती तिथे मरतील किंवा तिथल्याला मारतील. पुढच्या वेळी सगळीच अंडी उबवायची गरज नसते. मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. नको असलेली अंडी पहिल्या दिवसा-दोन दिवसांत गोठवून टाकणं हे उपाशी, तुटक्या पिल्लांची गर्दी वाढवण्यापेक्षा कितीतरी बरं.

पाचवा तपास: पाणी

आता थोडा खर्च आहे. थेंबांचं टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत, पीएच साधारण ७.४ ते ७.६ असेल तर उत्तम. टँक नवा असेल तर फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू बसायला चार ते आठ आठवडे लागतात. तोवर अमोनिया साठतो, कातडी आणि कल्ले जळतात आणि छोटा चावाही चिघळतो. खराब पाणी पाय तोडत नाही, पण तुटलेला पाय भरूनही येऊ देत नाही. म्हणून हा तपास, चावा कुणाचा ते कळलं असलं तरी, टाळू नका.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी पीएच खास बघावा. पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. नळाच्या पाण्याला प्रत्येक वेळी अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) लागतंच, "थोडंसंच बदलायचंय" म्हणून सोडून देऊ नका.

सहावा तपास: तापमान

झोचिमिल्को समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावर आहे, पाणी बारमाही थंड. या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस हवं असतं. २० पर्यंत निभावतं, २४ च्या पुढे जिवावर बेततं. पाणी गरम झालं की सुरुवातीला भूक वाढते, हालचाल वाढते आणि चावेही वाढतात. त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बुरशीला जोर येतो. फेब्रुवारीपर्यंत गुण्यागोविंदाने राहिलेली पिल्लं मार्चमध्ये अचानक एकमेकांना का चावतात, असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. उत्तर थर्मामीटरवर असतं.

पाण्यावर पंखा लावणं हा स्वस्त उपाय, पण तो माठासारखा चालतो. हवा कोरडी असेल तर पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पुण्यात, नाशकात, नागपुरात एप्रिलमध्ये माठ गार राहतो, तिथे पंख्यानेही दोन-तीन अंश उतरतात. मुंबईत आणि कोकणात माठाचं जे होतं तेच पंख्याचं होतं. आणि खोली ३५ अंशांवर असताना दोन-तीन अंशांनी कुठेच भागत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकून ठेवण्याने दिवसात चार-पाच अंशांचे हेलकावे बसतात, ते पिल्लांना गरम पाण्याइतकेच त्रासाचे. बाटली ही वीज गेल्यावर एका रात्रीची सोय. महाराष्ट्रात उन्हाळा काढायचा तर चिलर (टँकचं पाणी थंड करणारं यंत्र) किंवा चोवीस तास एसी, तिसरा मार्ग मला सापडलेला नाही. हा खर्च झेपणार नसेल तर प्राणी आणूच नये, असं मी लहान मुलांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगते. मुलं रडतात. तरीही सांगते.

सातवा उपाय: प्रत्येकाचा वेगळा डबा

वरचं सगळं करूनही पाय जात असतील तर एकच खात्रीचा मार्ग उरतो, एक पिल्लू एक डबा. २-३ सेंटिमीटरच्या पिल्लाला श्रीखंडाचा एक किलोचा स्वच्छ डबा पुरतो, ५ सेंटिमीटरनंतर चार-पाच लिटरचा टब लागतो. यात फिल्टर नसतो, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं. पाणी आदल्या दिवशी अँटिक्लोरीन घालून त्याच खोलीत भरून ठेवायचं, म्हणजे तापमान सारखं राहतं. वीस डबे असतील तर रोजचा तासभर जातो. हे सगळ्यात शेवटी ठेवलंय ते मेहनतीमुळे, परिणामाच्या दृष्टीने हाच पहिला. १० ते १२ सेंटिमीटर झाल्यावर, सारख्या लांबीची पिल्लं पुन्हा एकत्र आणता येतात, तोवर झेप घेण्याची खोड बरीच निवळते. कायमची जात नाही. मोठ्यांनाही उपाशी ठेवलं की बोटं जातात.

जखमेचं काय करायचं

बहुतेक वेळा काहीही नाही. स्वच्छ, थंड पाणी, एकांत आणि रोजचं खाणं. लहान वयात तुटलेल्या जागी एक-दोन आठवड्यांत छोटा कोंब दिसतो आणि दीड-दोन महिन्यांत बोटांसकट पाय परत येतो. कधी तो थोडा वाकडा येतो किंवा बोट कमी-जास्त येतं, त्याने त्यांचं काही अडत नाही. पांढरा थर दिसला तर देशी बदामाचं वाळलेलं पान, औषध न फवारलेल्या झाडाचं, उकळून गार केलेलं चहासारखं पाणी डब्यात घालते. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पिल्लाला आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला दोन चहाचे चमचे, अशा वेगळ्या थंड पाण्यात १० मिनिटं ठेवून परत साध्या पाण्यात सोडता येतं. त्याहून लहानाला मीठ नको. माशांची औषधं टँकमध्ये ओतू नका. या प्राण्याची कातडी सगळं शोषून घेते. तांबं किंवा मॅलेकाइट ग्रीन असलेली औषधं त्याला मारू शकतात.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे न्या

पोटाला किंवा धडाला खोल चावा असेल, आतलं काही बाहेर दिसत असेल. डोळ्याला जखम असेल. तुटलेल्या जागेतून रक्त थांबत नसेल. पांढरा थर तीन दिवसांत कमी न होता अंगावर पसरत असेल, किंवा जखमेची कड काळी-करडी होऊन वर सरकत असेल. पिल्लू उलटं तरंगत असेल, एका बाजूला कलत असेल. २-४ सेंटिमीटरच्या पिल्लाने दोन दिवस आणि त्याहून मोठ्याने चार-पाच दिवस काही खाल्लं नसेल. खडा गिळल्याची शंका असेल. आणि एकाच दिवशी दोन-तीन पिल्लं, एकही चावा नसताना, मरगळली असतील. यातलं एकही दिसलं तर घरचे प्रयोग बंद. प्रतिजैविकाची मात्रा वजनावर ठरते, आणि ५ ग्रॅमच्या प्राण्याला अंदाजाने दिलेली मात्रा बहुतेक वेळा जास्तच होते.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात हे काम होत नाही. फोन करतानाच विचारा, बेडूक-सॅलमँडरसारखे उभयचर बघता का. नसतील बघत तर तेच सहसा दुसरं नाव सुचवतात. जाताना पिल्लू झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, अंग बुडेल एवढ्याच पाण्यात न्या. डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा आणि बाजूला फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी, पाण्यात बर्फ नाही. दुसऱ्या बाटलीत टँकचं पाणी वेगळं घ्या. मोबाइलमध्ये चाव्याचे तारीखवार फोटो, टेस्ट किटचे आकडे, तापमान, शेवटचं खाणं कधी आणि कोणतं, आणि आतापर्यंत टँकमध्ये काय काय ओतलं ते लिहून न्या. दुकानातून दिलेल्या औषधाची बाटलीही सोबत घ्या.